दहावं नाव

“दहा जणांत एक तरी शहाणा निघावा की नाही!”

गोसावी सर माझ्या झेरॉक्स मशीनवर वाकून स्वतःशीच पुटपुटले. झाकण त्यांनी धरलं होतं आणि बटण मी दाबत होते, त्यामुळे त्यांचं तोंड माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. ऐकलंच नाही असं दाखवायलाही जागा नव्हती.

“काय झालं, सर?”

“काही नाही. तीन प्रती काढ ह्याच्या.”

कागदावर प्राचार्यांच्या नावानं अर्ज होता. खालील विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला रिअल ॲनालिसिस हा गणिताचा ऐच्छिक पेपर घेऊ इच्छितात, वगैरे. खाली दहा नावं, दहा सह्या.

“यादीत आल्यापासून अकरा वर्षांत कुणी घेतला नाही हा पेपर,” सर म्हणाले. “सगळी पोरं गुण्यागोविंदानं ऑपरेशन्स रिसर्च घेतात, मार्क पाडतात, घरी जातात. ह्याच वर्षी काय अंगात आलं ह्यांच्या? आणि हे दहावं नाव कुणाचं? कुमुद... कुमुद काय लिहिलंय हे?”

“मी, सर.”

सरांच्या हातून झाकण सुटलं, कागद सरकला आणि ती प्रत अर्धी काळी निघाली.

ह्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. आमचं गाव तासगाव आणि विट्याच्या मधलं. कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. मी स्वतः अकरावीच्या दिवाळीपर्यंत शिकले, मग लग्न झालं. टायपिंग शिकले ती नवऱ्याच्या मित्राच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरवर, आणि गणिताची चिन्हं टाइप करायला शिकले ती गोसावी सरांच्या नोट्सवरून. पंचक्रोशीत इंटिग्रलचं चिन्ह सरळ टाइप करणारी मी एकटीच होते. अर्थ कळत नसे, पण आकार चुकत नसे. पुढं पुढं आकार बघता बघता थोडाफार अर्थही कळायला लागला.

आणि माझी भाची प्रणोती, म्हणजे नणंदेची मुलगी, अकरावीपासून शिकायला माझ्याकडंच राहायला होती. बी.ए.ला तिचं अर्थशास्त्र आणि जोडीला गणित. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्या डोक्यात आलं की आपण अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची, तीही साधीसुधी नाही, दिल्लीला मोठ्या संस्थेत. तिथं सांगलीकडची एक मुलगी पीएच.डी. करत होती. प्रणोतीनं तिला माझ्या दुकानातूनच ईमेल केला, की मी पुढच्या वर्षी कुठले पेपर घेऊ. उत्तर आलं चार ओळींचं: ‘अर्थशास्त्राचे कुठलेही घे, ते इथं पुन्हा शिकवतात. रिअल ॲनालिसिस आहे का तुमच्याकडं? नसलं तर अवघड आहे. डिसेंबरात मुलाखत असते. फळ्यापाशी उभं करतात आणि सिद्ध करा म्हणतात.’

आमच्या ह्यांनी ते वाचून चष्मा काढला. “अर्थशास्त्र शिकायला अर्थशास्त्र नको, गणित पाहिजे! उद्या म्हणतील स्वयंपाक शिकायला सुतारकाम पाहिजे.”

वन्संचा फोन आला. “कुमुद, तिला म्हणावं बी.एड. कर. मास्तरीण हो. दिल्लीला फळ्यापाशी उभं राहण्यापेक्षा इथं उभी राहा.”

पण प्रणोतीनं ठरवलं होतं. ॲनालिसिसचा पेपर कागदोपत्री आमच्या कॉलेजात होता. दहा जणांनी मागितला तर तो चालवायचा, असा नियम होता. दहा जण आजवर कधी जमले नव्हते, इतकंच.

मग ह्या पोरीनं काय करावं? ती कुणाला गणिताचं महत्त्व सांगत बसली नाही. हेडक्लार्क बागल वेळापत्रक टाइप करायला माझ्याकडं आले, तेव्हा त्यांना चहा पाजून तिनं एवढंच विचारलं, “बागलकाका, ऑपरेशन्स रिसर्च दुपारी तीनला ठेवताय ना? मग ॲनालिसिस चालला तर सकाळी दहाला ठेवाल का?”

“चाललाच तर ठेवू की. आपल्या बापाचं काय जातंय!”

दुसऱ्या दिवशी वायफळ्याच्या दोन मुली सही करून गेल्या, कारण त्यांची एसटी सव्वातीनला सुटायची. त्यातल्या एकीच्या मागं अमोल आला. त्याला एसटीनं जायचं नव्हतं, पण तो कशाला आला ते सगळ्या कॉलेजला माहीत होतं. शहाजी पैलवानाची तालीम चारला असायची.

“प्रणोते, मला जमंल का गं ते?” शहाजीनं माझ्या काउंटरवर कोपर टेकलं तशी काच करकरली.

“तीनला जमतंय का तुला?”

“तीनला न्हाई जमत.”

“मग दहाला जमेल.”

शहाजीनं सही केली आणि शहाजीच्या शेजारी बसणाऱ्या चौघांनी शहाजीकडं बघून केली. नऊ झाले.

“हेच अर्थशास्त्र, मामी,” प्रणोती मला म्हणाली. “माणसाला काय पाहिजे ते विचारायचं नाही. काय नको ते विचारायचं.”

दहावं नाव मात्र मिळेना. कॉलेजच्या आत सर स्वतः फिरत होते. त्यांनी शहाजीला स्टाफरूममध्ये बोलावून भजी खायला घातली आणि ऑपरेशन्स रिसर्चचे फायदे सांगितले. शहाजी भजी खाऊन आला, सही तशीच ठेवून. पण जे दोघंतिघं कुंपणावर होते ते पलीकडं उतरले.

मी प्रणोतीबरोबर पालक म्हणून ऑफिसात गेले. सर तिथंच होते.

“पोरी, तुझ्या भल्याचं सांगतो,” सर म्हणाले. “ॲनालिसिसमध्ये काय आहे? अमुक एक संख्या अस्तित्वात आहे, एवढं सांगतात. कुठं आहे ते सांगत नाहीत. असल्या पत्त्यावर पत्र तरी जाईल का?”

बागल खो खो हसले. बागलही सरांचेच विद्यार्थी. अर्धं गाव सरांच्या हाताखालून बारावी झालेलं. मीसुद्धा चार महिने त्यांच्या वर्गात होते. माझं नाव काढायला वडील कॉलेजात गेले, त्या संध्याकाळी सर सायकलवरून आमच्या घरी आले होते. ओट्यावर बसून तासभर वडिलांशी बोलले. उपयोग झाला नाही. पण आले होते.

“सर,” प्रणोती म्हणाली, “मला मुलाखतीत तेच विचारणार आहेत.”

“दहा जण कुठं आहेत?”

नऊच होते. सर समाधानानं चहा प्यायला गेले. ते गेल्यावर बागलांनी कपाटातून कॉलेजची जुनी नियमावली काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. संस्थापकांनी गावातल्या निवृत्त मास्तरांसाठी एक सोय ठेवली होती: ‘नोंदणीकृत श्रोता’. परीक्षा नाही, शिक्षणाची अट नाही, वर्गसंख्येत मात्र धरायचा.

बागलांनी प्रणोतीकडं बघितलं. प्रणोतीनं माझ्याकडं बघितलं.

“माझं दुकान?” मी म्हटलं.

“दहा ते अकरा गिऱ्हाईक असतं का, मामी?”

नसतं. दहाला कॉलेज भरतं. पोरीनं तेही बघून ठेवलं होतं.

अशी मी बेचाळिसाव्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन शहाजीच्या शेजारी बसले, कारण प्रणोतीच्या मागच्या बाकावर तेवढीच जागा होती. पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. दहाव्या नावाला थांबले, वर बघितलं आणि म्हणाले, “आलीस शेवटी.” किती वर्षांनी आलीस, हे दोघांनाही माहीत होतं.

पहिला महिना फार छान गेला. सर शिकवायला लागले की फळ्यावर मोत्यासारखं अक्षर, मधे मधे कोपरखळ्या. मग एक दिवस लिमिट आली. संख्यांची रांग एका संख्येच्या हवी तेवढी जवळ जाते म्हणजे काय, हे ते सांगत होते. एप्सिलॉन काढला, एन काढला, आणि वर्गाचे चेहरे दगडासारखे झाले. सरांनी तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हटलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, हे झेरॉक्ससारखं आहे का?”

“म्हणजे?”

“नव्वद टक्क्यावर मशीन ठेवून चित्राची कॉपी काढायची. मग त्या कॉपीची कॉपी. मग तिची. चित्र कधीच नाहीसं होत नाही. पण तुम्ही म्हणाल, मला मुंगीएवढं पाहिजे. मी सांगेन, इतक्या कॉप्यांनंतर मुंगीहून लहान, आणि पुढं सगळ्या लहानच. तुम्ही म्हणाल मोहरीएवढं. मी म्हणेन, थांबा, आणखी दहा कॉप्या. तुमचा आकडा तो एप्सिलॉन. माझा आकडा तो एन.”

“आयला,” शहाजी म्हणाला.

सरांनी वळून फळ्यावरचा एप्सिलॉन बघितला. मग म्हणाले, “कुठं शिकलीस हे?”

“तुमच्याच नोट्स टाइप करताना, सर.”

त्यांना आनंद झाला असावा, असं मला त्या वेळी वाटलं. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि तास दहा मिनिटं आधी सोडला.

दिवाळीच्या आधी फळ्यावर एक प्रमेय आलं. गणिताच्या भाषेत ते लांबलचक होतं, पण मतलब एवढाच, की दोन्ही टोकं धरून, हात न उचलता काढलेली रेघ कुठंतरी सगळ्यात उंच असतेच.

“हे लागतं, मामी,” प्रणोती माझ्या कानात म्हणाली. “माणसापुढं जेवढे पर्याय आहेत त्यांत एक सगळ्यात चांगला असतोच, हे अर्थशास्त्रात उठताबसता म्हणतात. ते ह्याच्यावर उभं आहे.”

सरांनी रेघ काढली. सगळ्यात उंच जागी एक ठिपका दिला. “दिसतंय ना? झालं तर मग. उपपत्ती सोपी आहे. घरी करा.” उपपत्ती म्हणजे ते का खरं आहे, ह्याची सिद्धता.

त्यांच्या नोट्स मी टाइप केल्या होत्या. त्या वहीत अडतिसाव्या पानापर्यंत सगळं ओळ न् ओळ लिहिलेलं होतं. तिथून पुढं प्रत्येक प्रमेयाखाली तेवढंच: ‘उपपत्ती सोपी आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः करावी.’ टाइप करताना मला वाटायचं, सोपीच असणार, आपण अकरावी अर्धवट, आपल्याला काय कळतंय. पण त्या पानांवर समासात पेन्सिलीनं काहीबाही लिहून खोडलेलं होतं. रबरानं पान पातळ झालं होतं. स्कॅनरवर ठेवलं की पलीकडचं दिसायचं.

त्या दिवसापासून आमच्या वर्गाला एक विचित्र रोग जडला. प्रमेय निघालं की कुणाला ना कुणाला काहीतरी व्हायचं. सर फळ्याकडं वळले आणि त्यांचा हात थांबला, की वायफळ्याची मुलगी म्हणायची, “सर, एसटी लवकर सुटणार आहे म्हणे आज.” सकाळी साडेदहाला! अमोलच्या नाकातून रक्त यायचं, म्हणजे यायच्या बेतात असायचं. शहाजीचा खांदा निखळायचा. एकदा तर मीच म्हटलं, “सर, वीज जाणार आहे.” वर्गात दिवा नव्हताच. सर म्हणाले, “मग आज इथंच थांबू.”

कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. बाहेर आल्यावर कुणी बोलतही नसे. एकदा शहाजीनं एवढंच विचारलं, “मावशी, सरांचा घसा बसलाय का अलीकडं?”

“बसला असेल,” मी म्हटलं.

प्रणोती मात्र घरी ते प्रमेय घेऊन बसली होती. इंटरनेटवरून पानं काढायची, माझ्याशी भांडायची, फाडायची. नोव्हेंबरच्या शेवटी तिची उपपत्ती झाली, चार पानं. मी ती टाइप केली. पण बरोबर आहे का, हे कोण सांगणार? स्वतःचं स्वतः शिकणाऱ्याची ही खरी अडचण. चुकलं तर चुकलं म्हणणारं कुणी नसतं. मला ते चांगलं माहीत आहे.

“सरांना दाखवते,” ती म्हणाली. “मुलाखतीला आठवडा आहे.”

मी पानं स्टेपल करून दिली. दुसऱ्या दिवशी सरांनी ती परत दिली. प्रत्येक पानाखाली लाल शाईत बरोबरची खूण, शेवटी ‘उत्तम’ आणि सही. प्रणोती दुकानात नाचत आली. पानं उलटता उलटता तिसऱ्यावर थांबली.

तिसरं पान तिचं नव्हतं. घाईत मी भलताच कागद स्टेपल केला होता. जोशी गुरुजींची सत्यनारायणाची यादी होती ती. सुपाऱ्या एकवीस, हळकुंडं पाच, नारळ दोन, आंब्याचे डहाळे. खाली लाल शाईत बरोबरची खूण.

आधी प्रणोती हसायला लागली. काउंटर धरून हसली. मीही हसले. मग आमचं हसणं एकदमच थांबलं.

“मामी, म्हणजे सरांना...”

“घाईत असतील,” मी म्हटलं.

“प्रत्येक पानावर घाईत?”

“बरोबरच्या खुणा रांगेनं करून टाकतात माणसं. तू यादी काढ आणि तुझं पान लाव.”

तिनं लावलं. पण त्या रात्री ती चारही पानं ताटाशेजारी ठेवून जेवली. आमचे हे म्हणाले, “काय झालं हिला? पास झाली ना?”

प्रणोती जाण्याआधीचा शेवटचा तास शनिवारी होता. सोमवारी रात्री प्रणोतीची दिल्लीची गाडी. सरांनी हजेरी घेतली आणि मोठ्या गणितज्ञांच्या दारिद्र्याबद्दल बोलायला सुरुवात केली. प्रणोती उभी राहिली.

“सर, रेघेच्या प्रमेयाची उपपत्ती फळ्यावर करू या का?”

“तुझी झालीय की! मी तपासली.”

“हो, सर. पण करू या.”

वायफळ्याच्या मुलीनं घाईघाईनं घड्याळाकडं बघितलं. शहाजीनं खांद्याला हात लावला. माझ्या जिभेवर वीज आली होती, पण प्रणोतीनं मान वळवून आमच्या सगळ्यांकडं असं बघितलं, की खांदा, एसटी आणि वीज जागच्या जागी राहिली.

“बरं,” सर म्हणाले. “ये. तूच कर.”

ते व्यासपीठावरून उतरले आणि पहिल्या बाकावर बसले. बाक लहान होतं, त्यांचे गुडघे वर आले. एकोणतीस वर्षांत त्या बाजूनं तो फळा त्यांनी बघितला नसावा.

प्रणोती सांगायला लागली. “रेघेवर उंचीची एक हद्द आहे. त्या हद्दीच्या जवळ जाणारा एक ठिपका घेऊ. मग आणखी जवळचा. मग आणखी. अशी ठिपक्यांची रांग झाली.” तिनं फळ्यावर दहा-बारा ठिपके दिले. “आता हे ठिपके एका जागी गोळा होतात. ती जागा म्हणजे सगळ्यात उंच जागा.”

ती थांबली. सर ‘छान’ म्हणतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. मीसुद्धा. म्हणून टाका सर एकदा, आणि सुटू दे हा तास, असं मला मनापासून वाटत होतं.

सर फळ्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हलत होते.

“का?” ते म्हणाले.

“काय, सर?”

“एका जागी का गोळा होतील? एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, असे पळत का राहणार नाहीत?”

प्रणोतीनं ठिपक्यांकडं बघितलं. “सर, ते... दिसतंच की.”

“मला नाही दिसत.”

बाहेर माझ्या दुकानापुढं थांबलेल्या मोटरसायकलची फटफट ऐकू येत होती. प्रणोतीनं एक ठिपका पुसला, परत दिला. तिचे कान लाल झाले. तिला उत्तर माहीत नव्हतं. चार पानांत ती तिथून उडी मारून पलीकडं गेली होती. मीही टाइप करताना तिच्याबरोबर उडी मारली होती. दिल्लीवाले तिथंच तिला पकडणार होते, आणि हे तिला आत्ता, शनिवारी, कळत होतं.

“सर, तुम्ही बरोबर म्हणून खूण केली होती,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रडू होतं थोडं.

शहाजी झटकन उठला. “सर, ते माझा खांदा...”

“बस खाली, शहाजी. तुझा खांदा बरा आहे.” सर बाकावरून उठायला गेले, गुडघा अडकला, तसे परत बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि तो डोळ्यांवर चढवायच्या आधीच, आम्ही कुणीच नीट दिसत नसताना, बोलायला लागले.

“खूण मी न वाचता केली. वाचून तरी काय करणार होतो! एम.एस्सी.ला हा पेपर मी पाठ करून गेलो, पास झालो, आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात वही घेऊन बसलो. ह्या ठिपक्यांपाशीच अडकलो. दर वर्षी. कुणी हा पेपर मागितला नाही की मला बरं वाटायचं. तुम्ही लोकांनी दीड-दोन महिने एसट्या काय आणि खांदे काय... मला काय कळत नव्हतं का रे?” त्यांनी चष्मा घातला. “मला हे येत नाही, प्रणोती. कधीच आलेलं नाही. आज शनिवार आहे, गाडी सोमवारची आहे. पुस, आणि पहिल्यापासून सांग. मी दर ओळीला का म्हणून विचारतो.”